पाऊस कुठंय, मावशी?

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. आमच्या वर्षावनात पाऊस नाही. म्हणजे छावणीच्या बाजारावर पडतो, पडेगावच्या रस्त्यावर पडतो, तेव्हा आमच्या झाडांवरही पडतो. पण आमचा स्वतःचा, वेगळा, बटण दाबलं की सुरू होणारा पाऊस नाही. रविवारी जादा पडतो असंही नाही. लहान मुलांसाठी अर्धा पडतो असंही नाही.

एवढं मी फाटकाशी उभं राहून इतक्या वेळा सांगितलं आहे की आता झोपेतही बरळते, असं सून म्हणते. आणि मी मुळात बोलणारी बाई नाही. माहेरी मला मुकी म्हणायचे. चार माणसांत बोलायची वेळ आली की घसा बंद होतो आणि पदराचं टोक आपोआप हातात येतं. अशा बाईला देवानं कुठली नोकरी द्यावी? राखीव जंगलाच्या फाटकावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'नाही' म्हणायची.

रोज सकाळी फिरायला येणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या कॉलनीचा दिवाळी अंक निघतो. 'चंद्रकलाबाई, तुमचे अनुभव लिहा की,' म्हणाल्या. मी हो म्हणाले, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. लिहून झाल्यावर त्यांना देईन की नाही माहीत नाही, बहुतेक नाही. पण लिहायला बरं वाटतं आहे. कागद मध्येच थांबवून 'पाऊस कुठंय' असं विचारत नाही.

जागा कशी आहे ते सांगते. आमच्या शहराखालून जुन्या काळच्या नहरी गेल्या आहेत. नहर म्हणजे जमिनीखालून बांधून आणलेला पाण्याचा पाट. मधे मधे तिच्यावर दगड-चुन्याचे जाडजूड खांब, त्यांना बंबे म्हणतात. पुष्कळशा नहरी बुजल्या, काहींवर घरं झाली. आमच्या जागेत मात्र एक बंबा अजून उभा आहे, अर्धा पडका, आणि त्याच्या बुडातून बारा महिने पाणी झिरपतं. धार करंगळीएवढी. म्हणून जुने लोक त्या जागेला झिरा म्हणतात. त्या करंगळीएवढ्या धारेवर उंबर, जांभूळ, करंज, अर्जुन यांची अशी दाटी झाली आहे की भर उन्हाळ्यात, बाहेर डांबर वितळत असताना, आत अंगावर शहारा येतो. बंब्याच्या दगडांत हंसराज उगवतो, काळ्या देठाची नाजूक हिरवी पानं. बेडूक आहेत, घोरपडी आहेत, खंड्या आहे, घुबड आहे, एक म्हातारी धामण आहे, वानरं येऊन-जाऊन असतात. एवढंच आहे. पायी फिरलात तर बिडी संपायच्या आत संपतं, पण बिडी ओढायला बंदी आहे.

मग नाव वर्षावन कुणी ठेवलं? एकदा एक मोठे साहेब पाहणीला आले. झाडाखाली उभे राहिले, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, 'वा, अगदी वर्षावनात आल्यासारखं वाटतंय.' सहज म्हणाले बिचारे. बरोबरच्या साहेबानं मान डोलवली, त्याच्या मागच्यानं लिहून घेतलं, आणि पंधरवड्यात फाटकावर बोर्ड आला, हिरव्यावर पांढरी अक्षरं: 'शहरी वर्षावन. राखीव क्षेत्र.' मोठे साहेब परत कधी आले नाहीत. त्यांचं वाक्य मी निस्तरते आहे.

पहिल्याच लग्नसराईत दुपारी एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून पुंडलिकनगरचं वऱ्हाड उतरलं. फेटे, नऊवाऱ्या, आहेराचं कपाटसुद्धा. पुढं नवरदेवाचे मामा.

'ओ बाई, लग्न कुठंशी हाय?'

मी हळूच म्हणाले, 'इथं लग्न नाय. जंगल हाय.'

'पत्रिकेत वर्षा लिहिलंय. तुमच्या बोर्डावर बी वर्षाच हाय.'

'ते वर्षावन हाय.'

'व्हय मग. वर्षा लॉन. पेंटरनं लॉनचं वन केलं असंल, त्यात काय एवढं!'

मी तोंड उघडेपर्यंत सगळे आत. जेवायच्या वेळेला माणसाला अडवणं तसंही अवघड. जरा वेळानं परत आले. चपला चिखलानं भरलेल्या, मामांच्या फेट्याचा शेमला करवंदीच्या काट्याला राहिलेला. मागून एक म्हातारी काठी टेकत आली. ती खूश होती. 'मांडव लई झ्याक घातलाय गं बाई,' वर झाडांकडं बघत मला म्हणाली, 'नुसता गारवा. पण माणूस कसं नाय?'

त्या म्हातारीवर मला राग आला नाही. जंगल तिला एकटीला कळलं होतं.

बाकीच्यांवर मात्र येतो. एक कुटुंब यायचं, बाप अर्ध्या चड्डीत, पोरांच्या कमरेला हवेच्या रबरी रिंगा, बाईच्या हातात कोरड्या कपड्यांची पिशवी. त्यांना वाटायचं, रिसॉर्टमध्ये वरून फवारे उडतात आणि खाली गाणी लावून नाचतात, तसलं काही आहे. 'कपडे बदलायची खोली कुठंय, मावशी?' मी म्हणायचे, खोली नाही. 'मग पाऊस कुठंय?' पाऊसही नाही. 'मग आहे काय?' मी म्हणायचे, झाडं. बाप माझ्याकडं असा बघायचा, जशी मीच त्याचा पाऊस कनवटीला लावून उभी आहे.

दुसरे गुळवेलवाले. सकाळी फिरायला येतात, हात जोडून नमस्कार करतात, 'निसर्ग हाच खरा डॉक्टर' म्हणतात, आणि जाताना डॉक्टरला तोडून पिशवीत घालून नेतात. एका आजोबांच्या बंडीतून वेलीचं टोक बाहेर लोंबत होतं. मी नुसतं बोट दाखवलं. 'अगं, ही माझ्याच अंगाला चिकटली,' म्हणाले. चांगली हातभर लांब वेल. चिकटली!

फाटकावरचं काम बाहेरच्याला सोपं वाटतं. पिशव्या बघायच्या: गुटख्याच्या पुड्या, काडेपेटी, स्पीकर, वाढदिवसाचा केक, फुगे, कुत्रं, यांतलं काही आत सोडायचं नाही. हंडा, बाटली, बादली भरून पाणी बाहेर न्यायचं नाही. धारेत पाय घालायचा नाही. आणि आत एक फेरी मारून यायची. या फेरीसाठी ऑफिसनं मला शिट्टी दिली होती. बाईमाणसानं शिट्टी मारायची! पहिल्या दिवशी ओठाला लावली आणि हवा आतच राहिली. ती शिट्टी मी रज्जाकभाईंना देऊन टाकली. रज्जाकभाई आमचे माळी, छावणीत राहतात, मला बाजी, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात. ते शिट्टीनं वानरं हाकलतात.

मग मी काय करायचे? खाकरायचे.

हे मी सासऱ्यांकडून घेतलं. आमच्या सासरी घरातले मोठे पुरुष घरात शिरायच्या आधी अंगणातच खाकरायचे. बायकांनी पदर सावरावा, पसरलेले पाय आवरावेत, चाललेलं हसू थांबवावं, म्हणून. सासऱ्यांचं खाकरणं वेशीपर्यंत ऐकू जायचं. नवी सून म्हणून आले तेव्हा त्या आवाजानं माझ्या हातातलं पीठ सांडायचं. आता वाटेच्या वळणापलीकडं जोडपी बसलेली असतात, पोरं उंबरावर नावं कोरत असतात, फोटोवाले नवरा-नवरीला रंगीत धुरात उभं करत असतात. त्यांना 'उठा' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. मी वळणाच्या अलीकडं थांबते आणि सासऱ्यांसारखी खाकरते. मग थोडं थांबून पुढं जाते. तोवर सगळे सावरून बसलेले असतात. नावं कोरणाऱ्यानं चाकू खिशात घातलेला असतो. कुणाचा पाणउतारा नाही, कुणाशी भांडण नाही.

एक मुलगी मात्र जाता जाता काळजीनं म्हणाली, 'मावशी, एकदा छातीचा फोटो काढून घ्या हो.' रज्जाकभाई चार दिवस हसत होते. 'बाजी, तुम खाँसे तो घुबड बी उठको बैठता,' म्हणाले.

असं चाललं होतं. वैताग होता, पण रोजचाच. मग नवे साहेब आले.

माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम लिहिते. आल्या आल्या रज्जाकभाईंना बूट दिले, मला खुर्ची दिली. पण त्यांना लोकांच्या मताची फार काळजी. हल्ली लोक कुठंही जाऊन आले की मोबाइलवर चांदण्या देतात. आम्हाला बहुतेक एकच चांदणी असायची. साहेब आम्हा दोघांना समोर उभं करून वाचून दाखवायचे.

'ऐका. "नाव वर्षावन, आत एक थेंब नाही. मुलं रडली." हे दुसरं. "फक्त झाडं आहेत." तिसरं. "गेटवरच्या मावशी काही सांगत नाहीत, खोकतात."'

मी पदराचं टोक धरलं.

'लोकांना पाऊस पाहिजे,' साहेब म्हणाले. 'तर आपण पाऊस देऊ.'

आणि खरंच कामाला लागले. बंब्याच्या बुडाशी खड्डा खणला. विटांची टाकी बांधली. झिऱ्याची धार टाकीत वळवली. टाकीत मोटार सोडली आणि फांद्यांवरून काळे पाइप, पाइपांना फवारे. आठवडाभर धार टाकीत साठवायची आणि रविवारी सकाळी तासभर पाऊस पाडायचा, असा बेत. पहिल्या रविवारी उद्घाटन, पाहुणे, हारतुरे.

मला आधी काही कळलं नाही. मग टाकी भरायला लागली तेव्हा कळलं. धार टाकीत जाते म्हणजे जमिनीत जात नाही. आमच्या घरी नळ आठवड्यावर येतो, ड्रम भरून ठेवायचे आणि पुरवून वापरायचे. माणसाला सवय झाली. आता जंगलालाही आठवड्याचा नळ लावला होता, आणि तोही मुळांना नाही, पाहुण्यांच्या डोक्यावर. पाऊस दाखवायचा म्हणून वर्षावन वाळवायचं. एवढी उलटी गोष्ट मी जन्मात पाहिली नव्हती.

भर उन्हाळा. बंब्याजवळचा चिखल आधी घट्ट झाला, मग त्याला भेगा पडल्या. बेडूक दिसेनात. हंसराजाची पानं चुलीजवळ ठेवल्यासारखी कडेनं तपकिरी झाली. उंबर कच्ची फळं टाकायला लागला. रज्जाकभाई रोज बंब्याला हात लावून बघायचे, जसा आजाऱ्याच्या कपाळाला लावतात. एक दिवस म्हणाले, 'बाजी, झिरे का दम तुट रा. येत्या पावसापर्यंत नै टिकता.'

त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं, स्पष्ट शब्दांत. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, 'अहो भाई, आठवड्यातून एकदाच तर आहे. आणि बेत वर कळवून झालाय. आता मागं कसं फिरायचं?'

मग मी ठरवलं की आपण बोलायचं. साहेबांची गाडी यायच्या वेळेला फाटकाच्या पुढं जाऊन उभी राहिले. रात्रभर वाक्य घोकलं होतं. साहेब उतरले, 'काय मावशी?' म्हणाले. आणि वाक्य गेलं. मी खाकरले. पुन्हा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा साहेबांनी खिशातून खोकल्याची गोळी काढली, माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, 'उन्हाचं जपा.'

ती गोळी मी खाल्ली. दुसरं काय करणार? पेपरमिंटची होती.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत टँकर आला. पडेगावला आम्ही राहतो ती गल्ली टँकर आला की यात्रेसारखी होते. ड्रम, बादल्या, पातेली, एका घरातून तर पाळणासुद्धा आणला होता, आत ताडपत्री घालून. माझ्यापुढं नसीमआपा. समोरासमोर दारं आमची. माझी मुलं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली, तिच्या घरचा शीरखुर्मा ईदला सगळ्यात आधी माझ्या घरात येतो. आपाचा आवाज म्हणजे विचारू नका. ती गल्लीच्या या टोकाला पुटपुटली तर त्या टोकाचा माणूस 'क्या बोली?' असं विचारत नाही, उत्तर देतो. त्या दिवशी तिचा एकच ड्रम अर्धा भरला आणि टँकर संपला. टँकरवाल्याला तिनं जे ऐकवलं ते लिहिता येणार नाही.

मी तिच्या मागं उभी होते. आणि मला एकदम सुचलं. साहेबांसमोर माझं तोंड उघडत नाही. पण नंबरात पुढं उभ्या असलेल्या बाईच्या कानाशी तर मी सगळी जिंदगी बोलत आले आहे.

'आपा,' मी म्हणाले, 'रविवारी आमच्याकडं पाणी सोडणार हायेत. वरून. पावसासारखं.'

आपाचं भांडण थांबलं. 'कसलं पानी?'

'गोडं. नहरीचं.'

'कितना?'

'तासभर.'

'तिकीट?'

'काय नाय.'

बस्. तेवढंच बोलले. पण मुद्दाम बोलले. पुढचं काम आपाच्या आवाजानं केलं.

रविवारी सकाळी फाटकाला फुलांची माळ होती. पाहुणे आले, साहेब आले, फीत बांधली. अर्ध्या चड्डीतलं ते कुटुंबही रिंगा घेऊन हजर होतं. आणि पडेगावच्या रस्त्यानं रिक्षा यायला लागल्या. रिक्षात माणसं कमी आणि ड्रम जास्त. डोक्यावर हंडे, कमरेवर कळश्या, सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले पुरुष. सगळ्यांच्या पुढं नसीमआपा, बुरख्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारून.

साहेबांना आधी आनंद झाला. 'बघा, किती प्रतिसाद!' असं पाहुण्यांना म्हणाले. मला म्हणाले, 'मावशी, आज कुणाला अडवू नका.' मग त्यांना हंडे दिसले.

पण बटण दाबून झालं होतं. पाऊस पडला. म्हणजे वरून पाणी फुस्स करून उडालं, आधी पाहुण्यांच्या टोपीवर. रिंगावाल्या पोरांनी उड्या मारल्या. आणि आमच्या गल्लीतल्या बायकांनी काय केलं? छत्र्या उघडल्या आणि उलट्या धरल्या, पाणी साठवायला. चौघींनी ताडपत्रीची चार टोकं ताणून धरली. बाकीच्यांनी भांडी मांडली आणि नंबर लावला. 'मेरा नंबर है!' 'अगं, मी सकाळपास्नं हाय!' 'पाहुण्यांनो, सरका, माझ्या हंड्यात तुमची सावली पडतीय!' पावसाखाली नंबर लावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

फवाऱ्याचं पाणी हंड्यात कमी आणि अंगावर जास्त. तेवढ्यात कुणीतरी काळ्या पाइपाचा माग काढत बंब्याकडं गेलं आणि ओरडलं, 'इथं टाकी हाय!'

झालं. सगळा नंबर तिकडं धावला. टाकीभोवती ही गर्दी. हंडे बुडवायला लागले, कोपर कोपराला, कमर कमरेला. टाकी काही एवढ्या मायबहिणींच्या कमरांसाठी बांधलेली नव्हती. एका बाजूची ओली वीट हलली, मग दुसरी, आणि अख्खी भिंत बाहेरच्या बाजूला आडवी झाली. कुणाला लागलं नाही. पाणी मात्र भसकन बाहेर पडलं आणि उतारानं उंबराच्या मुळांकडं गेलं. भेगा पडलेल्या जमिनीनं ते असं गटागटा पिऊन टाकलं की बघता बघता वर नुसता ओला डाग राहिला. मोटार कोरडी पडून किंचाळायला लागली. रज्जाकभाईंनी जाऊन बंद केली. ते माझ्याकडं बघत नव्हते, आणि मीही त्यांच्याकडं बघत नव्हते. बघितलं असतं तर दोघांनाही हसू आलं असतं.

पण बायका हसत नव्हत्या. हातात रिकामे हंडे घेऊन सगळ्या त्या ओल्या डागाकडं बघत उभ्या होत्या. नसीमआपा हळू आवाजात म्हणाली, 'हाय अल्ला. सब मिट्टी में गया.' तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

साहेब भिजले होते, एका पाहुण्याचा चष्मा हरवला होता. 'मावशी, यांना बाहेर काढा,' ते म्हणाले. आणि ते माझंच काम होतं. मी पुढं गेले. खाकरले. माझ्या गल्लीतल्या बायका, त्यांना माझं खाकरणं काय कळणार? शेवटी बोलावं लागलं. 'आपा, चला आता. बंद झालं.'

आपानं माझ्याकडं वळून पाहिलं. 'तूच बुलाई, तूच भगाई,' ती म्हणाली. 'झाडांना पानी. हमकू नै?'

मी फाटकाकडं हात केला.   तिच्या घरी तेव्हा सुनेचं बाळंतपण होतं, हे मला माहीत होतं आणि तरी मी तिला बोलावलं होतं. जंगलासाठी बोलावलं होतं, तिच्या हंड्यासाठी नाही. हे तिला तिथंच कळलं.

साहेबांनी 'हा तमाशा बंद' म्हणून सांगितलं. पाइप काढून नेले, मोटार काढून नेली. टाकी पुन्हा बांधायची नाही, विटा उचला, असा हुकूम झाला. खड्डा रज्जाकभाईंनी स्वतः बुजवला. पण धार येईना. बंब्याच्या बुडाशी नुसता ओलसरपणा. मी रोज जाऊन तिथं वाकून बघायचे. खणताना आतला एखादा दगड सरकला असेल, पाण्यानं दुसरी वाट धरली असेल, असं रज्जाकभाई म्हणायचे. त्या रविवारचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर फिरवला होता; तो बघून फाटकावर लोक यायचे, 'तो पाऊस कुठंय, व्हिडिओत दाखवलेला?' असं विचारायचे. मला वाटायचं, एखाद्याला एक ठेवून द्यावी.

मग एका सकाळी दगडावरून थेंब लोंबताना दिसला. दुसऱ्या दिवशी थेंबामागं थेंब. पुढं त्यांची धार झाली. करंगळीएवढी नाही, सुतळीएवढी. अजून तेवढीच आहे. हंसराज बंब्याच्या खालच्या बाजूला परत आला, वरच्या बाजूचा गेला तो गेला. बेडूक आहेत. उंबर आहे.

घरी मात्र दार बंद. समोरासमोरच्या दारांतून दोघी एकाच वेळी बाहेर पडलो तर आपा काहीतरी विसरल्यासारखं करून परत आत जायची. त्या ईदला शीरखुर्म्याची वाटी आली नाही. सुनेनं विचारलं, 'आत्या, काय झालं?' मी म्हणाले, पाण्यावरून झालं. आमच्या गल्लीत एवढं कारण पुरतं.

आता शेवटचं लिहिते, आणि यामुळंच हा कागद त्या दिवाळी अंकवाल्या बाईंना देता येणार नाही.

एका दुपारी जंगलात कुणी नव्हतं. फाटकावर रज्जाकभाईंना बसवून मी फेरीला गेले. पाय फार दुखत होते. बंब्याजवळ बसले आणि धारेखाली पाय धरले. नियमाच्या विरुद्ध आहे, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी वळणापलीकडून खाकरले असते.

आणि वळणापलीकडून कुणीतरी खाकरलं.

मी दचकून पाय ओढले, पदर सावरला. कोण पुरुष आला म्हणून बघते, तर नसीमआपा. कमरेवर रिकामा हंडा.

'बैठ, बैठ,' ती म्हणाली. 'मी काय तुझी साहेब हाय?'

'हंडा आत कसा आणला?'

'तेरे भाई ने छोडा. तो म्हणला, मी वानरं बघतो, हंडे नाही बघत.' ती माझ्या शेजारी दगडावर बसली. वाकून धारेकडं बघायला लागली. मग म्हणाली, 'यही? इतनीसी?'

'एवढीच.'

'इतन्याशा पे इतने झाडं?'

'व्हय.'

'और मेरे सामने तू बोली, तासभर पानी,' ती म्हणाली. 'झूठी कहीं की.'

मी तिच्याजवळचा हंडा घेतला आणि धारेखाली लावला. पाणी बाहेर न्यायचं नाही, हा नियम मीच रोज लोकांना सांगते. हंड्याच्या तळाशी सुतळीएवढी धार पडायला लागली, टणटण, मग टपटप. हंडा भरायला दुपार जाणार होती. आपानं कमरेच्या बटव्यातली सुपारी काढली. बाळ आता कसं पालथं पडतंय ते सांगितलं. मी ऐकत राहिले.

हंडा गळ्यापर्यंत आला असेल, तेवढ्यात वाटेवर चपलांचा आवाज. खाकरायला मला सुचलंच नाही. नवरा-बायको, दोन मुलं, एकाच्या कमरेला रबरी रिंग. बाप घाम पुसत आमच्यासमोर येऊन थांबला.

'मावशी, पाऊस कुठंय?'

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी आपा बोलली, तिच्या नेहमीच्या आवाजात, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी.

'दिखता नै क्या? नंबर लगाओ, हमारे पीछे!'